कार्डाची मागची बाजू

(पालघरजवळच्या कोळगाव इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला थोडा भाग दिला आहे.)

डहाणू लोकल कुणासाठी थांबत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तेव्हा वेळेत संपवायचा प्रयत्न करतो.

सोबत दोन कार्डं आणली आहेत. पहिलं हे बघा. जाड, खरखरीत हातकागद. कडा मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या. वर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांत तारपा नाच, मध्ये तारपावाला, भोवती माणसांची साखळी. बाजूला सोनेरी दोरी. दिवाळीला एका कार्यालयाकडून आलं. देखणं आहे, यात वाद नाही. आता उघडतो. आत छापील शुभेच्छा, खाली छापील सही. माझं नाव आत कुठेच नाही. ते पाकिटावरच्या चिकटपट्टीवर होतं, आणि तिथेही आडनाव चुकलेलं.

दुसरं कार्ड म्हणजे शाळेच्या वहीचं एक पान आहे, मधोमध दुमडलेलं. ते शेवटी दाखवीन.

मला विषय दिला तो असा: देखणा कागद आणि हातचं अक्षर यांची ओढ अजून का टिकून आहे? याचं सोपं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मोबाईल आला, पत्र गेलं, म्हणून आता पत्राची आठवण गोड लागते. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी आंतरदेशीय पत्र लिहिलं नाही अशी विशीतली मुलंही शाईचं पेन घेतात, सुंदर वह्या घेतात, वाढदिवसाला हाताने कार्ड करतात. त्यांची आठवण कसली? तेव्हा ही ओढ आठवणीची नाही, दुसऱ्या कशाची तरी आहे. ती कशाची, ते बघू. आणि टीका करायला आलोय, तर जिथे ती फसवी आहे तिथे तसं म्हणूही.

सुरुवात जुन्यापासून करतो. लिखाणाच्या सामानावर मराठीत इतक्या बारकाईने लिहिलेला मजकूर मला दुसरा माहीत नाही: ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास, लेखनक्रिया निरूपण. पोथी कशी लिहावी याबद्दल समर्थ सांगतात. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. सुरुवातीचं आणि शेवटचं सारखं हवं. बोरू निरनिराळ्या ठिकाणांहून आणावेत, टाक तोडायची, रेघा आखायची साधनं जवळ असावीत, हिंगूळ संग्रही असावा. आज स्टेशनरीच्या दुकानात तासभर रमणारा माणूस वाचेल तर म्हणेल, अरे, हे तर आपलेच!

पण मला त्यातल्या दोन सूचना जास्त महत्त्वाच्या वाटतात. एक, तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगाचं नाही. दोन, पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. बघा, इथे देखणेपण म्हणजे काय? वाचणाऱ्याच्या डोळ्यांची काळजी. तो वाचणारा चाळीस वर्षांनंतरचा असेल, कदाचित स्वतः लिहिणाराच असेल. समास सोडणं ही सजावट वाटते, पण मुळात ती पुढच्या माणसासाठी केलेली तरतूद आहे.

त्याच समासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो उपदेश सुरूच होतो ब्राह्मणाला उद्देशून. सुंदर अक्षर कुणी काढावं, हे पहिल्याच शब्दात ठरलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे देखण्या अक्षराचा इतिहास सुरू होतो तेव्हाच त्याच्या दाराशी एक उंबरठा आहे.

तो उंबरठा पत्रातही होता. ‘खलिता’ हा शब्द आपण सरकारी पत्राला वापरतो, पण मूळ शब्द पत्राच्या थैलीचा आहे. संस्थानिकांची पत्रं जरीच्या थैलीत घालून जायची. थैली बघूनच कळायचं की पाठवणारा कोण आणि घेणारा कोण. सामान्य माणसाकडे जर कुठली, पण त्याच्याकडे मायना होता. आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष. माझ्या लहानपणी मायना चुकला तर पत्र परत लिहायला लावायचे. आज आपण त्याला जुन्या पत्रांचा गोडवा म्हणतो. पण त्याच मायन्यात ‘ग. भा.’ होतं. गंगाभागीरथी. बाई विधवा आहे हे तिच्या नावाआधी, कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला, पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना दिसेल असं, अत्यंत सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं. अक्षर सुंदर होतं म्हणून ते कमी बोचत होतं असं कुणी म्हणू नये.

याच्या शेजारी सावित्रीबाई फुल्यांची पत्रं ठेवून बघा. जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याला माहीत आहेत: १८५६ आणि १८६८ ची नायगावहून, १८७७ चं जुन्नर भागातल्या ओतूरहून, दुष्काळाच्या दिवसांतलं. पहिलं पत्र माहेरी, आजारपणात लिहिलेलं. भावाने त्यांच्या कामाला नावं ठेवली, त्याच्याशी त्या कशा वाद घालतात हे त्यात सांगतात. शेवटच्या पत्रात दुष्काळातल्या माणसांचं काय चाललंय ते सांगतात. नवऱ्याला लिहिलेलं पत्र आहे, पण घरगुती खुशाली त्यात नावापुरती. मायन्यात ‘सत्यरूप’ हा शब्द आहे. रूढ मायना बाजूला ठेवून त्यांनी स्वतःचा शब्द निवडला. ज्या बाईच्या हाती लेखणी येऊ नये असा समाजाचा बंदोबस्त होता, ती लेखणी हाती आल्यावर पहिल्या ओळीपासून कुणाला काय म्हणायचं हे स्वतः ठरवते. कागद कसला होता? मला तो प्रश्न पडतच नाही. तुम्हालाही पडला नसेल.

मग कागदाचं काहीच मोल नाही का? आहे. पण ते कुठे आहे, ते जी. ए. कुलकर्ण्यांच्या पत्रांवरून बघू. धारवाडला राहणारा, माणसं टाळणारा हा कथाकार. सभा नको, समारंभ नको. पण पत्रं मात्र लांबच लांब. त्यांच्यामागे ‘जी.एं.ची निवडक पत्रे’ चार खंडांत आली. सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली पत्रं २००३ मध्ये ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. म्हणजे आज आपण दोन्ही बाजू वाचू शकतो. भेट टाळणारा माणूस कागदावर किती मोकळा होतो, आणि समोरची बाई त्याच्याशी किती बरोबरीने बोलते, हे वाचणं हा मराठीतला फार मोठा आनंद आहे.

आता माझा मुद्दा ऐका. आपण ती छापील वाचतो. हातचं अक्षर गेलं, शाई गेली, खाडाखोड गेली, समासात तिरकं लिहिलेलं असेल तर तेही सरळ झालं. तरी पत्र जिवंत राहतं. कारण त्यातलं प्रत्येक वाक्य एका विशिष्ट माणसाकडे तोंड करून लिहिलेलं आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाला पाठवताच आलं नसतं. म्हणून आपण छापील पान वाचतानाही दुसऱ्याचं पाकीट उघडल्यासारखे थोडे चोरटे होतो.

यावर कुणी म्हणेल, मग ईमेलवरही हे जमलं असतं. जमतंही. पण मला वाटतं, कागद आणि पेन यांचा खरा परिणाम वाचणाऱ्यावर होण्याआधी लिहिणाऱ्यावर होतो. कार्डावर जागा मोजकी असते. लिहिलेलं पुसता येत नाही. एकच मजकूर चाळीस जणांना एका बोटाने पाठवता येत नाही. त्या अर्ध्या तासात डोक्यात एकच माणूस ठेवावा लागतो. चांगला कागद समोर असला की माणूस जरा सावरून बसतो, जसं पाटावर बसताना आपण बसतो. कागदाचं काम इतकंच: लिहिणाऱ्याला एका माणसासमोर बसवणं. ते झालं की त्याचं देखणेपण सार्थ. ते झालं नाही, तर राहतो तो फक्त महाग कागद.

म्हणूनच मला या सामानाच्या इतिहासात जरीच्या थैलीपेक्षा पोस्टकार्ड मोठं वाटतं. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा, म्हणजे तेव्हाचा एक पैसा. आजही ५० पैशांना मिळतं. त्याला पाकीट नाही, काही झाकायची सोय नाही, आणि तरी माणसांनी त्यावर जन्म, लग्न, नोकरी, सगळं लिहिलं. मृत्यूचं कार्ड आलं की कोपरा फाडलेला असायचा, वाचण्याआधीच कळायचं. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू असायचं. ही गरिबांची स्टेशनरी. एक कोपरा फाडला किंवा रंगवला की ज्याला वाचता येत नाही त्यालाही अर्धा निरोप पोचला.

आणि शाई? ती तर आपल्या शेजारचीच. इथून बोईसरकडे गेलात की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅम्लिनचा कारखाना आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करून विकायला सुरुवात केली, घोड्याच्या छापाची. उंट नंतर आला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. पण मला आठवते ती दौत, आणि शाळेत पेन भरताना शर्टावर उडालेला निळा डाग. ही शाई मास्तरांच्या टेबलावरही होती आणि आमच्या बाकावरही. तारापूर म्हटलं की लोकांना अणुवीज आठवते. मला वाटतं, शाईही आठवावी. सामान स्वस्त झालं तेव्हा समर्थांच्या समासातला तो उंबरठा झिजायला लागला.

झिजायला लागला म्हणतो, गेला म्हणत नाही. कारण आपण ज्या जिल्ह्यात बसलोय, त्याचा अनुभव वेगळा आहे. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याची ती कहाणी. त्यात लग्नगडी येतात. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापायी त्याच्या घरी राबायचं, बायकोसकट. वहीत काय लिहिलंय ते गड्याला वाचता येत नाही. म्हणजे इथल्या माणसाची लिखाणाशी पहिली ओळख शुभेच्छेतून झालेली नाही. कागद म्हणजे आपल्याबद्दल दुसऱ्याने लिहून ठेवलेलं काहीतरी, आणि आपण खाली अंगठा द्यायचा.

आणि त्याच लग्नात, त्याच झोपडीच्या आत, दुसरं एक लेखन चाललेलं असायचं. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. मध्ये पालघट देवी. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. काडीचं टोक चावून केलेली लेखणी, तांदूळ वाटून केलेली शाई. मी तर त्याला देवीला लिहिलेलं निमंत्रण म्हणतो. ते त्या एका घरासाठी, त्या एका लग्नासाठी असतं. पुढच्या लग्नाला पुन्हा नव्याने लिहायचं. आपण आज ज्याला हातचं कार्ड म्हणतो, त्यात जे जे हवं ते सगळं त्या भिंतीवर आहे: हात आहे, वेळ दिलेला आहे, आणि ते कुणासाठी आहे हे पक्कं आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे त्यातून जगापुढे आले. त्यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेल्यावर ते बोलेनासे झाले आणि धुळीत रेघोट्या ओढून मनातलं सांगायचे. बायकांच्या हातातली ही कला त्यांनी लग्नाच्या चौकाबाहेर काढली, तिच्यात रोजचं जगणं आणलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कागदावर आल्याने चित्र बाटलं, असं मी मुळीच म्हणत नाही. कागदामुळे वारली माणसाला अंगठ्याच्या जागी सही करता आली. ही लहान गोष्ट नाही.

पण आता हे कार्ड पुन्हा बघा. पुढे तारपा नाच. मी मागची बाजू उलटतो. छपाई करणाऱ्याचं नाव आहे. कागद पर्यावरणपूरक असल्याचं लिहिलंय. चित्र कुणी काढलं? नाव नाही. कुठल्या पाड्यावरचं? नाही. कदाचित कुणी काढलंच नसेल, संगणकातून उचललं असेल. आत बघावं तर लिहिणारा नाही, वाचणाराही नाही. समोरच्या बाजूवर हात दिसतो, पण तो कुणाचा ते कळू नये अशी व्यवस्था आहे. ज्या चित्राचा सगळा अर्थ ‘हे या घरासाठी, या लग्नासाठी’ असा होता, ते इथे कुणालाच उद्देशून नाही. याला मी देखणं म्हणायला तयार नाही. समास सोडलाय, कडा सुंदर आहेत, आणि माणूस राहून गेलाय.

म्हणून कार्ड पारखायची माझी पद्धत अशी. पुढची बाजू सगळेच बघतात. तुम्ही ते उघडा आणि विचारा, हे कुणाला लिहिलंय? मग उलटून विचारा, हे कुणी केलंय? दोन्ही उत्तरं मिळाली तर वहीचं पानही चालेल. दोन्हीपैकी एकही नसेल तर हातकागदसुद्धा रद्दीच.

इथपर्यंत मी इतरांवर टीका केली. आता दुसरं कार्ड.

हे माझ्या एका विद्यार्थ्याचं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून शिकला. दहावीनंतर त्याने मला हे पाठवलं. वर पेनाने चौक काढायचा प्रयत्न केलाय, एक बाजू जरा फताडी झाली आहे. आत सहा ओळी. ‘कि’ आणि ‘की’ यांचा गोंधळ आहे. मजकूर तुम्हाला वाचून दाखवणार नाही, तो मला लिहिलेला आहे. इतकंच सांगतो की त्यात एक प्रश्न होता: पुढे शिकू की कामाला जाऊ?

माझ्याकडे तेव्हा एक लाकडी पेटी होती. अजून आहे. तिच्यात पुण्याच्या हातकागद संस्थेतून आणलेला कागद, जुळणारी पाकिटं, दोन चांगली पेनं. मला वाटलं, या मुलाला नीट उत्तर द्यायचं. सवडीने, चांगल्या कागदावर, विचार करून. एक मसुदा केला, आवडला नाही. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. दोन महिन्यांनी कळलं की तो कामाला गेला. माझ्या पत्राने काही बदललं असतं असा दावा मी करत नाही. घरची ओढाताण पत्राने मिटत नाही. पण प्रश्न त्याने मला विचारला होता. त्याने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. मी पेटी उघडली आणि कागद निवडत बसलो.

देखण्या कागदाचा धोका मला तेव्हा कळला. लिहायचं टाळायला त्याच्याइतका सभ्य बहाणा नाही. आपल्या घरोघरी अशा पेट्या असतील. जपून ठेवलेली लेटरपॅडं, भेट मिळालेली पेनं, ‘पुढे कधीतरी’साठी. ती ओढ खोटी नाही, आपल्याला खरंच कुणाला तरी काही सांगायचं असतं. पण कागद विकत घेतला की सांगितल्यासारखं वाटतं, आणि मग सांगायचं राहून जातं.

पेटी फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. मला कागद आवडतो, अजूनही आवडतो. एवढंच म्हणतो की आधी माणूस ठरवा, कागद त्याच्यामागून येऊ द्या.

प्रश्नोत्तरांतून

एक ताई: सर, माझा मुलगा जहाजावर असतो. तो लिहीत नाही, मोबाईलवर बोलून पाठवतो. मी ते परत परत ऐकते. ते पत्र नाही का?

वक्ते: आहे, ताई. तो तुमच्याशीच बोलतो ना? सुरुवातीला ‘आई’ म्हणतो, तिथेच मायना झाला. माझ्या कसोटीला ते पूर्ण उतरतं. एकच सांगतो, मोबाईल बदलाल तेव्हा ते आवाज आधी दुसरीकडे उतरवून घ्या. समर्थांनी पानाच्या कडा झडण्याची काळजी केली होती, आपल्याला ही करायची. आणि त्याला एकदा तुमच्या हातचं कार्ड पाठवा. अक्षर कसंही असो.

एक विद्यार्थी: सर, मग त्या मुलाला उत्तर दिलंत का?

वक्ते: दिलं. फार उशिरा. वसतिगृह त्याने सोडलं होतं, घरचा पत्ता माझ्याकडे नव्हता. गावाचं आणि पाड्याचं नाव ठाऊक होतं, तेवढं लिहून पोस्टकार्ड टाकलं, पोस्टमनच्या भरवशावर. त्यात सल्ला काही दिला नाही, ती वेळ गेली होती. उशीर झाला, चूक माझी, एवढं लिहिलं आणि तू कसा आहेस ते कळव म्हटलं. अजून उत्तर आलेलं नाही. मी वाट बघतोय. त्यानेही बघितली होतीच.